जपान: गादी एकाची, कारभार दुसऱ्याचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जपानी शिकणारे, नोकरीसाठी तिकडे निघालेले, अॅनिमे बघता बघता इतिहासात शिरलेले, असे बरेच जण तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. प्रश्न वेगवेगळे असले तरी फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतात: जपानात गादीवर बसणारा आणि राज्य हाकणारा हे बहुतेक काळ दोन वेगळे लोक होते. ही खूणगाठ बांधली की बराचसा गोंधळ मिटतो.

सम्राट होता, तर शोगुन कशाला लागत होता?

शोगुन म्हणजे लष्कराच्या बळावर राज्य करणारा सेनापती. पण सम्राटाच्या हातून सत्ता निसटली ती शोगुनच्याही आधी. हेइआन काळात, म्हणजे ७९४ मध्ये राजधानी क्योतोत आली तेव्हापासूनची गोष्ट. फुजिवारा घराण्याने तलवार न उपसता सत्ता मिळवली. आपली मुलगी सम्राटाला द्यायची, तिचा मुलगा लहानपणीच गादीवर बसवायचा आणि आजोबांनी पालक म्हणून कारभार बघायचा. फुजिवारा नो मिचिनागा (९६६ ते १०२८) हा यातला सर्वात तरबेज. त्याचे तीन नातू सम्राट झाले. स्वतः गादीवर बसण्याची त्याला गरजच पडली नाही.

यावर सम्राटांनी काढलेला तोडगाही अजब होता. १०८६ मध्ये शिराकावा या सम्राटाने गादी सोडली आणि निवृत्त होऊन राज्य चालवायला घेतलं. गादीवर असलं की विधी, सोवळं आणि आजोळची माणसं मागे लागतात. गादी सोडली की माणूस मोकळा.

११९२ मध्ये मिनामोतो नो योरितोमो शोगुन झाला. त्याचं ठाणं क्योतोपासून लांब, कामाकुराला. त्याचे दोन्ही मुलगे मारले गेले आणि शोगुनपदही नामधारी झालं. योरितोमोच्या सासरच्या होजो घराण्याने क्योतोहून एक तान्हं मूल आणवलं, पुढे त्याला शोगुन केलं आणि स्वतः कारभारी झाले. तेराव्या शतकातलं चित्र बघा: क्योतोत सम्राट, त्याच्या मागे निवृत्त सम्राट, कामाकुरात शोगुन, त्याच्या मागे होजो. पुढे होजोंचे कारभारीही ‘निवृत्त’ होऊन मागून सूत्रं हलवू लागले. परीक्षेसाठी हे पाठ करणाऱ्यांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.

मग एखाद्या बलाढ्य शोगुनने सम्राटाला हटवून गादीच का घेतली नाही?

कारण घेण्यात फायदा नव्हता. सम्राटाचं घराणं सूर्यदेवी आमातेरासूचं वंशज मानलं जाई. त्या वंशाबाहेरचा माणूस गादीवर बसला तर त्याला कोणीही आव्हान दिलं असतं. उलट त्याच सम्राटाकडून पदवी घेतली की आपली सत्ता अधिकृत, आणि इतर सगळे बंडखोर. शोगुन ही पदवी शेवटपर्यंत सम्राटाकडूनच घ्यावी लागत होती.

हटवलं नाही याचा अर्थ मानाने सांभाळलं असाही नाही. ओनिन युद्धात (१४६७ ते १४७७) क्योतो जळालं. त्यानंतर दरबाराची इतकी ओढाताण झाली की १५०० मध्ये गादीवर आलेल्या गो-काशिवाबारा सम्राटाला राज्याभिषेकाच्या खर्चाची सोय होईपर्यंत २१ वर्षं थांबावं लागलं. पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा घराण्याने पैसे दिले पण लगाम घातला. १६१५ च्या नियमावलीत सम्राटाने काय करावं तेही लिहून ठेवलं: मुख्यतः विद्याभ्यास.

तोयोतोमी हिदेयोशीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. सामान्य घरातून वर आलेला हा माणूस १५९० पर्यंत सगळा देश एका छत्राखाली आणतो, पण शोगुन होत नाही. तो एका फुजिवारा कुळात दत्तक जातो आणि १५८५ मध्ये ‘कान्पाकू’ हे सम्राटाच्या मुख्य कारभाऱ्याचं जुनं पद घेतो. मनगटात बळ होतं, तरी कुळाचा शिक्का दरबारातूनच घ्यावा लागला.

म्हणजे सातारचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे, तसंच ना?

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो, आणि समजून घ्यायला तो उपयोगी आहेच. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यायची, शोगुनपदाची नेमणूक क्योतोहून. शाहू महाराज १७४९ मध्ये गेल्यावर कारभाराचं केंद्र पुणे झालं, तसं तोकुगावांचं केंद्र एदो, म्हणजे आजचं टोकियो.

पण साम्य इथेच संपतं. छत्रपतींचं घराणं पराक्रमावर उभं राहिलं, स्थापनेचा इतिहास डोळ्यासमोरचा. जपानच्या सम्राटाचा अधिकार रणांगणातून आलेला नव्हता, पुराणातून आलेला होता. म्हणून तो लढाई हरला तरी संपत नव्हता. शिवाय पेशवे मुळात दरबाराचे प्रधान होते. तोकुगावा शोगुन क्योतोच्या दरबारात बसतच नसे, त्याचा कारभारच निराळा. तुलना करा, पण तिच्या आधाराने निष्कर्ष काढू नका.

सामुराई म्हणजे सतत लढणारे योद्धे?

सिनेमात हो. सेकिगाहाराची लढाई १६०० ची, तोकुगावा इएयासु १६०३ मध्ये शोगुन झाला, ओसाकाचा किल्ला १६१५ मध्ये पडला. शिमाबाराचं बंड (१६३७-३८) सोडलं तर पुढची दोनशेहून अधिक वर्षं मोठं युद्धच नाही. सामुराईंच्या कित्येक पिढ्या एकदाही रणांगण न बघता गेल्या. कमरेला दोन तलवारी, पण काम हिशेबनिशी, जमीन मोजणी, पाटबंधारे, पत्रव्यवहार आणि रात्रपाळीचा पहारा.

पगार तांदळात ठरे. मोजमाप ‘कोकू’: एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाचा वर्षाचा शिधा. दाइम्यो, म्हणजे सरंजामदार, किमान दहा हजार कोकूंचा धनी. खालच्या सामुराईच्या वाट्याला यातलं फार थोडं येई. मिळालेला तांदूळ विकून रोकड करायची, आणि तांदळाचा भाव पडला की सावकाराच्या दारात उभं राहायचं. सामाजिक उतरंडीत व्यापारी सर्वात खाली आणि सामुराई सर्वात वर. कर्ज मात्र वरच्याने खालच्याकडून काढलेलं.

‘बुशिदो’ नावाची सामुराईंची प्राचीन आचारसंहिता म्हणून जे सांगितलं जातं, त्याचा जगभर पसरलेला अवतार नितोबे इनाझो यांच्या १९०० च्या सुमाराच्या इंग्रजी पुस्तकातून आला. तलवार बाळगायलाच १८७६ मध्ये बंदी आली होती. सामुराई संपल्यावर त्यांचा आदर्श तयार झाला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

जपानने दोनशे वर्षं दारं बंद केली होती, हे खरं?

अर्धं खरं. दारं चार होती आणि प्रत्येकावर पहारेकरी होता. नागासाकीत डच आणि चिनी, त्सुशिमा बेटातून कोरिया, सात्सुमातून र्युक्यू, म्हणजे आजचं ओकिनावा, आणि उत्तरेला मात्सुमाएतून ऐनू लोकांशी व्यापार. पोर्तुगीजांना हाकललं, जपान्यांना बाहेर जायला आणि गेलेल्यांना परतायला मनाई केली, पण देश हवाबंद डब्यात नव्हता.

डचांना १६४१ पासून देजिमावर ठेवलं. पंख्याच्या आकाराचं कृत्रिम बेट, लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी ७५. किनाऱ्याशी जोडणारा एक पूल आणि पुलावर चौकी. डच कंपनी या बेटाचं भाडंही भरत होती! आपल्याला कोंडून ठेवल्याबद्दल भाडं भरणारे व्यापारी इतिहासात विरळाच. याच फटीतून वैद्यक, खगोलशास्त्र आणि दुर्बिणी आत आल्या.

जपानच्या इतिहासाचा वसई-गोव्याशी खरंच संबंध आहे का?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. कागोशिमाकडचा आंजिरो नावाचा माणूस खुनाच्या आरोपातून पळून मलाक्काला आला, तिथे त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्यालाच वाटाड्या आणि दुभाष्या करून झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरला. जपानमधल्या ख्रिस्ती धर्मप्रसाराची तयारी अशी गोव्यात झाली. झेवियरचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझूत आहे.

वसईचा धागा गोन्सालो गार्सियाचा. जन्म वसईत, वडील पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी जपानात गेला, भाषा उत्तम शिकला, व्यापार केला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचा धर्मबंधू झाला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांचं शिष्टमंडळ हिदेयोशीकडे आलं तेव्हा बोलणी करायला दुभाषा म्हणून हाच होता. सुरुवातीला हिदेयोशीने त्यांना राहू दिलं. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं आणि त्यातून मिशनऱ्यांच्या मागोमाग सैन्य येतं असा संशय बळावला. २६ जणांना क्योतो-ओसाकाकडून भर थंडीत चालवत नागासाकीला नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवलं. त्यात गोन्सालो होता. १८६२ मध्ये या सगळ्यांना संतपद मिळालं. वसईजवळच्या गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. नागासाकीच्या त्या टेकडीवर २६ जणांचं स्मारक आहे. नागासाकीला जाणारे मराठी पर्यटक अणुबॉम्बचं संग्रहालय बघून परततात. ही टेकडी स्थानकापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, ती चुकवू नका.

१८६८ मध्ये सत्ता सम्राटाकडे परत आली ना?

जाहीरनाम्यात आली. १८५३ मध्ये अमेरिकेचा पेरी चार जहाजं घेऊन उरागाला आला, शोगुनशाहीला तोंड देता येईना, आणि पश्चिमेकडच्या सात्सुमा व चोशू या संस्थानांनी सम्राटाच्या नावाने शोगुनशाही उलथवली. मेइजी सम्राट तेव्हा पंधरा वर्षांचा होता. देश चालवला तो या दोन प्रांतांतल्या मधल्या आणि खालच्या थरातल्या तरुण सामुराईंनी. संस्थानं खालसा (१८७१), सक्तीची लष्करभरती (१८७३), राज्यघटना (१८८९), हे सगळं त्यांचं काम. त्यांतला इतो हिरोबुमी १८८५ मध्ये पहिला पंतप्रधान झाला.

पुढे हेच लोक ‘गेन्रो’ म्हणून ओळखले गेले. घटनेत हे पद नाही. पण पंतप्रधान कोण, हे तेच सम्राटाला सुचवायचे. शेवटचा गेन्रो साइओन्जी किन्मोची १९४० मध्ये वारला.

मग दुसऱ्या महायुद्धाला जबाबदार कोण? सम्राट की लष्कर?

मेइजी घटनेतली मेख इथे आहे. सैन्य थेट सम्राटाच्या हाताखाली, मंत्रिमंडळाच्या नव्हे. त्यात लष्करमंत्री आणि नौदलमंत्री सेवेतलेच अधिकारी असावेत हा नियम १९३६ मध्ये परत आला. लष्कराने माणूस दिला नाही की मंत्रिमंडळ पडलं. त्याआधीच, १९३१ मध्ये, मांचुरियातल्या सैन्याने टोकियोला न विचारता कारवाई सुरू केली होती आणि १५ मे १९३२ रोजी पंतप्रधान इनुकाइ त्सुयोशी यांना नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी घरात शिरून गोळ्या घातल्या होत्या.

तेव्हाचे सम्राट हिरोहितो नुसतं बाहुलं होते का? मला तसं वाटत नाही. फेब्रुवारी १९३६ चं बंड मोडायचा आग्रह त्यांनी स्वतः धरला, ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीचा निर्णय त्यांनी दिला. दोनदा शब्द चालला, तर मधल्या वर्षांत गप्प बसण्याचाही हिशेब मांडावा लागतो. त्यांच्यावर खटला न चालवण्याचा निर्णय अमेरिकनांचा होता, आणि तो सोयीचा होता: सम्राटाच्या नावाने देश शांत ठेवता येतो हे अमेरिकन सेनापती मॅकआर्थरनेही ओळखलं.

राधाबिनोद पाल यांनी जपानला निर्दोष ठरवलं होतं, असं वाचलं.

जरा जपून. जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांसाठी चाललेल्या टोकियो खटल्यातले हे भारतीय न्यायाधीश. सगळे आरोपी सोडून द्यावेत, असं त्यांनी १९४८ च्या भिन्नमतात लिहिलं, कारण जे गुन्हे आधी कायद्यात नव्हते ते मागाहून लावता येत नाहीत आणि जेत्याने जिताला न्याय देणं हा न्याय नव्हे. नानजिंगमध्ये जपानी सैन्याने केलेले अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. युद्धात मेलेल्यांना पुजणाऱ्या यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ मध्ये त्यांचं स्मारक उभारलं गेलं. याच मंदिरात १९७८ मध्ये १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांचीही पूजनीय म्हणून गुपचूप स्थापना झाली. हिरोहितो शेवटचे गेले १९७५ मध्ये. त्यानंतर एकही सम्राट तिथे गेलेला नाही.

आता तरी कारभार ज्याचा त्याच्याकडे आहे का?

कागदावर चोख. ३ मे १९४७ पासून लागू झालेल्या घटनेत सम्राट हे राष्ट्राचं प्रतीक, सत्ता लोकांची, आणि नवव्या कलमानुसार युद्धाचा त्याग. ‘स्वसंरक्षण दल’ या नावाने सैन्य १९५४ पासून आहेच, ही वेगळी गंमत.

पण जुनी खोड जात नाही. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष १९५५ मध्ये स्थापन झाला आणि १९९३-९४ व २००९ ते २०१२ एवढे दोन काळ वगळता सत्तेत राहिला. एकपक्षीय राज्य म्हणावं तर पक्षाच्या आतच गट, गटांचे नेते आणि त्यांच्या तिजोऱ्या. पंतप्रधान कोण, हे मतदारांइतकंच गटांच्या बेरजेवर ठरे. तानाका काकुएइ १९७४ मध्ये पायउतार झाले, १९७६ मध्ये लॉकहीड लाच प्रकरणात अटक झाली, पक्षही सोडावा लागला. तरीही सर्वात मोठा गट त्यांचाच, आणि पुढचे पंतप्रधान त्यांच्या होकाराशिवाय होईनात. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘अंधारातला शोगुन’ म्हटलं. १९८२ मध्ये नाकासोने यांचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा लोक त्याला ‘तानाकासोने’ म्हणून चिडवायचे.

पंतप्रधान इतक्या भराभर बदलतात तेही यामुळेच: २००६ ते २०१२ या काळात सहा जण येऊन गेले. २०२३ च्या अखेरीस गटांच्या गुप्त निधीचं प्रकरण बाहेर आलं आणि बहुतेक गटांनी पाट्या उतरवल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये ताकाइची सानाए पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.

जपानी लोक शिंतो की बौद्ध?

दोन्ही, आणि त्यात त्यांना काही अडचण वाटत नाही. बाळाला देवळात नेतात ते शिंतो, अंत्यविधी बौद्ध, लग्न बऱ्याचदा चर्चसारख्या सभागृहात. शिंतो-बौद्ध अशी सक्तीची फारकत १८६८ मध्ये सरकारने केली. त्याआधी देव एकमेकांत मिसळलेले होते.

आपले देवही त्या गर्दीत आहेत. सरस्वती तिथे बेन्झाइतेन, हातात वीणेच्या जागी बिवा. गणपती कांगितेन: बहुधा एकमेकांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी मूर्ती, आणि त्या सहसा भाविकांना दाखवतच नाहीत. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन या देवळात त्याला पांढरा मुळा वाहतात; पायरीपासून कंदिलापर्यंत सगळीकडे मुळ्याचं चिन्ह. क्योतोत याच देवाच्या नैवेद्याचा एक पदार्थ आजही मिळतो. कणकेच्या पारीत लाल चवळीसारख्या अझुकीचं सुगंधी पुरण भरायचं, वर पाकळ्यांसारखी गाठ मारायची आणि तिळाच्या तेलात तळायचं. तळणीचा मोदक चीनमार्गे जपानला गेला तर असाच दिसणार.

इसवी सन ७५२ मध्ये नारातल्या महाबुद्धाचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा केली ती बोधिसेन या भारतीय भिक्षूने. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना. तो कुंचला आणि निळा दोर नाराच्या शोसोइन भांडारात अजून जपून ठेवलेले आहेत.

बौद्ध देश, मग शाकाहारी जेवण सहज मिळत असेल?

नाही. सम्राट तेन्मूने ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली, पण मासे कधीच बंद नव्हते. १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि मांसाहार आधुनिकतेची खूण ठरला. आजची खरी अडचण ‘दाशी’: भाजीच्या रश्शातही सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही. ‘भाजी आहे ना?’ असं विचारू नका, दाशी कसली ते विचारा. मठांतलं ‘शोजिन र्योरी’ पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. ते कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्राच्या मठांत मुक्कामाला राहून खाता येतं. तिथल्या विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचा पुतळाही आहे, २०१५ मध्ये बसवलेला.

मुलीला गादी का मिळत नाही?

परंपरा म्हणून सांगतात, पण परंपरेत आठ स्त्रिया सम्राट झाल्या आहेत. शेवटची गो-साकुरामाची, १७६२ ते १७७१. बंदी आली १८८९ च्या कायद्याने आणि १९४७ मध्ये ती कायम राहिली. सध्याचे सम्राट नारुहितो यांना एकच अपत्य, राजकन्या आइको. वारस म्हणून क्रम लागतो तो धाकट्या भावाचा आणि २००६ मध्ये जन्मलेल्या पुतण्याचा. त्याच्या पिढीत तो एकटाच मुलगा आहे. या प्रश्नावर संसद वर्षानुवर्षं चर्चा करते आणि पुढे ढकलते.

जपानी फॉर्मवर साल कसं लिहायचं?

बऱ्याच सरकारी कागदांवर इसवी सन नसतं, सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. एक सम्राट, एक शक, ही पद्धत १८६८ पासूनची. शोवा शकाच्या वर्षात १९२५ मिळवा, हेइसेइच्या वर्षात १९८८, रेइवाच्या वर्षात २०१८. म्हणजे १९९४ चा जन्म हेइसेइ ६. कारकीर्द मधेच बदलली की त्या साली तारीख बघावी लागते: २०१९ मध्ये ३० एप्रिलपर्यंत हेइसेइ ३१, १ मेपासून रेइवा १. १९८९ मध्ये ७ जानेवारीपर्यंत शोवा ६४ आणि ८ तारखेपासून हेइसेइ १.